तणाच्या अर्काने भाताचं मूळ खरंच खुंटतं का? घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करायची चाचणी

रोपवाटिकेच्या एका कोपऱ्यातला तरवा, म्हणजे लावणीआधीची भाताची रोपं, खुजा आणि पिवळट राहतो. आदल्या आठवड्यात उपटलेल्या गाजर गवताचा ढीगही नेमका तिथेच कुजत पडलेला असतो. तणाने विष सोडलं, असं आपण लगेच म्हणून मोकळे होतो. तसं असूही शकतं. पण त्याच ढिगाखाली आणखी तीन गोष्टी चाललेल्या असतात. कुजताना जमिनीतला प्राणवायू संपतो, पाला खाणारे जिवाणू नत्र स्वतःकडे ओढून घेतात, आणि पाल्यातले क्षार पाण्याबरोबर मुळाशी उतरतात. या चारही कारणांनी रोप साधारण सारखंच दिसतं: खुजं, पिवळट, तोकड्या मुळांचं. म्हणून चाचणी करायची ती तण विषारी ठरवण्यासाठी नव्हे, ही चार कारणं एकमेकांपासून वेगळी काढण्यासाठी. नुसता अर्क ओतून बियाणं रुजलं नाही एवढंच दाखवणारे प्रयोग पुष्कळ होतात. त्यातून कळत काहीच नाही.

एका वनस्पतीने सोडलेल्या रसायनांचा दुसरीवर होणारा परिणाम म्हणजे अ‍ॅलिलोपॅथी. हा शब्द १९३७ मध्ये हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने रूढ केला. ही रसायनं चार वाटांनी बाहेर पडतात: जिवंत मुळांतून झिरपतात, पावसाच्या पाण्याबरोबर पानांवरून धुऊन येतात, पाला कुजताना सुटतात, आणि काही हवेत उडून जातात. भाताच्या रोपांना त्रास होतो तो मुख्यतः कुजणाऱ्या पाल्याचा आणि झिरपणाऱ्या मुळांचा. गाजर गवतात पार्थेनिन असतं. खाचरातल्या रानसाव्याच्या, म्हणजे पाखडीच्या, मुळांतून पी-हायड्रॉक्सिमँडेलिक आम्ल झिरपतं. बांधावरच्या ओसाडीत प्रिकोसिन असतं. लव्हाळ्याच्या गाठींत फिनॉलिक द्रव्यं आणि सुगंधी तेलं असतात. फेरुलिक, व्हॅनिलिक, पी-कूमारिक यांसारखी फिनॉलिक आम्लं तर बहुतेक सगळ्याच तणांत कमीअधिक सापडतात. ती मुळाच्या पेशींची पडदी गळकी करतात, टोकाशी होणारं पेशीविभाजन मंदावतात आणि अन्नद्रव्यं शोषण्यात अडथळा आणतात. म्हणूनच पहिला फटका मुळाला बसतो, कोंबाला नंतर. उगवणीची टक्केवारी बऱ्याचदा जवळजवळ तशीच राहते. चाचणीत फक्त उगवण मोजली, तर मुख्य परिणाम नजरेतून निसटतो.

तण गोळा करताना

तण फुलोऱ्याला येताना घ्या, बी धरण्याआधी. एकाच खाचरातून किंवा एकाच बांधावरून घ्या आणि पान, खोड, मूळ वेगवेगळं ठेवा. नुसत्या पानाचा अर्क आणि सगळ्या झाडाचा अर्क यांच्या परिणामात पुष्कळ फरक पडतो. गाजर गवत हाताळताना हातमोजे घाला, आणि वाळलेलं दळताना तोंडाला मास्क लावा. या तणाने त्वचेला इसब येतं आणि दम्याचा त्रास वाढतो, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पाखड घेताना ओळख पक्की करा, कारण कोवळेपणी ती हुबेहूब भातासारखी दिसते. पानाचं पातं आणि आवरण जिथे जुळतं तिथे भाताला पांढरी, पातळ, पडद्यासारखी जिभली असते. पाखडीला ती नसते. तण नळाच्या पाण्याने माती जाईपर्यंत धुवा, पण रात्रभर भिजत ठेवू नका. हवं ते द्रव्य त्याच पाण्यात निघून जाईल.

सावलीत ७ ते १० दिवस वाळवा. कडक उन्हात किंवा ७० अंशांच्या भट्टीत वाळवलं तर काही द्रव्यं उडून जातात, काही बदलतात. भट्टी वापरायचीच असेल तर ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका. पान मुठीत चुरगाळल्यावर कुरकुरून मोडलं पाहिजे. मग मिक्सरमधून काढा आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. मैद्यासारखं बारीक दळू नका, तो लगदा गाळला जात नाही.

अर्क

१० ग्रॅम पूड २०० मि.ली. ऊर्ध्वपातित पाण्यात टाका आणि खोलीच्या तापमानाला २४ तास झाकून ठेवा. मधूनमधून हलवा. हा ५ टक्क्यांचा मूळ अर्क, म्हणजे पाणी घालून पातळ करण्याआधीचा. चार पदरी मलमलीतून पिळून घ्या, मग फिल्टर पेपरमधून गाळा. पूड पाणी पिते, त्यामुळे हातात दीडशे मि.ली.च्या आसपासच येईल. तेवढा पुरतो. पाणी उकळून काढा करू नका. शेतात कुणी तण उकळत नाही, आणि उकळल्याने एरवी न सुटणारी द्रव्यंही पाण्यात उतरतात. अर्क फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा आणि दोन दिवसांत वापरून संपवा. आंबूस वास आला किंवा वर साय धरली की तो ओतून टाका.

पुष्कळ जण १० टक्क्यांचा, कधी २० टक्क्यांचाही अर्क घेतात. तो शेतातल्या परिस्थितीशी मेळ खात नाही. साधा हिशेब करून पाहा. हेक्टरी २ टन वाळलेलं तण म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम. खाचरात ५ सेंटिमीटर पाणी उभं असेल तर चौरस मीटरला ५० लिटर पाणी झालं. म्हणजे लिटरला ४ ग्रॅम, ०.४ टक्के, तेही खालच्या चिखलातलं पाणी धरलंच नाही. १० टक्क्यांचा अर्क याच्या पंचवीसपट कडक. म्हणून ०.५, १, २.५ आणि ५ अशा चार पातळ्या ठेवा. ०.५ साठी १० मि.ली. मूळ अर्कात ९० मि.ली. पाणी, १ साठी २० मध्ये ८०, २.५ साठी ५० मध्ये ५०. ढीग एकाच जागी कुजत असेल आणि पाणी कमी असेल, तर त्याच्याखाली ५ टक्क्यांएवढी तीव्रता येऊ शकते. बाकी खाचरात परिस्थिती ०.५ च्या आसपासची.

क्षारांचा पेच

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो, आणि सगळे चुकीचे निष्कर्ष इथूनच निघतात. हिरव्या तणात पोटॅशियम भरपूर असतं. वाळलेल्या वजनाच्या २ ते ४ टक्के पोटॅशियम असणं नेहमीचं आहे, आणि ते जवळजवळ सगळं पाण्यात विरघळतं. म्हणून कडक अर्क म्हणजे थोडंफार खारं पाणीच. भात खारेपणाला संवेदनशील पीक आहे; जमिनीची क्षारता ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटायला लागतं. कोवळं रोप तर त्याहून नाजूक. मूळ खुंटलं ते विषाने की क्षाराने, हे नुसत्या साध्या पाण्याशी तुलना करून कधीच कळणार नाही.

ईसी मीटरने, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणाऱ्या यंत्राने, ५ टक्क्यांच्या अर्काची क्षारता मोजा. मग तेवढ्याच क्षारतेचं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण बनवा आणि त्यावरही बियाणं रुजवा. लिटरला साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड टाकलं की क्षारता सुमारे १ डेसिसायमनने वाढते. तिथून मीटर पाहत थोडं थोडं घालत न्या. प्रयोगशाळेचं रसायन मिळालं नाही तर पांढरं म्युरेट ऑफ पोटॅश चालतं. लाल खत गाळून घ्यावं लागतं. अर्कातली साखर ईसी मीटरला दिसत नाही, एवढं लक्षात असू द्या. त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नसते, पण तिच्याशिवाय केलेल्या प्रयोगापेक्षा कितीतरी भरवशाची असते. सामूही (पीएच) तपासा. ५.५ ते ७ च्या दरम्यान असेल तर काळजीचं कारण नाही. त्याखाली असेल तर तशी नोंद करा, आणि तेवढ्याच सामूच्या पाण्याच्या डिशही मांडा.

दुसरी तुलना कोळशाची. ३० मि.ली. मूळ अर्कात ०.६ ग्रॅम अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलची पूड टाकून अर्धा तास हलवा आणि दोनदा गाळा. चारकोल फिनॉलिक द्रव्यं आणि त्यासारखी सेंद्रिय रसायनं धरून ठेवतो. पोटॅशियम बहुतांशी पाण्यातच राहतं. गाळल्यावर चहासारखा तपकिरी अर्क फिक्या पिवळ्या पाण्यावर आला की चारकोलने काम केलं. साध्या पाण्यालाही असाच चारकोल लावून त्याच्या वेगळ्या डिश ठेवा, नाहीतर चारकोलचा स्वतःचा परिणाम अर्काच्या खात्यावर जमा होईल.

बियाणं आणि डिश

कापणीनंतर निदान दोन महिने झालेलं, उगवण ८० टक्क्यांच्या वर असलेलं एकाच जातीचं बियाणं घ्या. इंद्रायणी, रत्नागिरी १, कर्जत ३, जी तुमच्याकडे लावतात ती. ताज्या कापलेल्या भाताला सुप्तावस्था असते, ते रुजत नाही, आणि दोष तणावर जातो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बियाणं बुडवा, तरंगणारं पोचट काढून टाका. तळाशी बसलेलं स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुवा. मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ५ मिनिटं बुडवून पुन्हा चारपाच वेळा धुवा. मिठाचा अंश राहिला तर क्षारांची सगळी काळजी फुकट जाईल.

९ सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये दोन फिल्टर पेपर, त्यावर २५ दाणे, आणि ५ मि.ली. द्रावण. एका प्रकाराच्या चार डिश म्हणजे १०० दाणे. मोजलेला आकडा तीच टक्केवारी. प्रकार आठ: साधं पाणी, पोटॅशियम क्लोराइड, ०.५, १, २.५, ५ टक्के, चारकोल लावलेला ५ टक्के अर्क, आणि चारकोल लावलेलं पाणी. एकूण ३२ डिश, ८०० दाणे. डिशवर फक्त क्रमांक टाका, प्रकार लिहू नका, आणि चिठ्ठ्या टाकून त्या मांडा. मोजणाऱ्याला प्रकार माहीत नसला तर मोजणी निःपक्षपाती होते.

५ मि.ली.पेक्षा जास्त द्रावण ओतू नका, हा नियम पाळाच. भाताचा दाणा पाण्याखाली, प्राणवायूशिवायही रुजतो, पण तेव्हा त्याचं वागणं वेगळं असतं. पांढरट कोंबाचं आवरण लांब, बारीक, दोऱ्यासारखं वाढत जातं आणि मूळ निघतच नाही किंवा जेमतेम टोक दाखवतं. दहा मि.ली. ओतलेल्या डिशमध्ये हे चित्र दिसलं की लोक मूळ खुंटलं अशी नोंद करतात. तिथे खुंटवलं ते पाण्याने. अर्काची डिश याला जास्त बळी पडते, कारण त्यातली साखर खाऊन जिवाणू वाढतात आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतात. म्हणून खूण लक्षात ठेवा: कोंब लांब आणि मूळ नाही, तर संशय प्राणवायूवर, कोंब ठीक आणि मूळ आखूड, जाड, तपकिरी, तर संशय रसायनावर. दर दोन दिवसांनी डिशचं झाकण उघडून हवा द्या. कागद सुकू लागला तर प्रत्येक डिशमध्ये १ मि.ली. साधं पाणी घाला. पुन्हा अर्क घालू नका, त्याने तीव्रता वाढत जाते.

डिश २५ ते ३० अंश सेल्सिअसवर ठेवा. पौष-माघात रात्री थंडी पडते तेव्हा ही चाचणी खोक्यात बल्ब लावून करा, नाहीतर मेपर्यंत थांबा.

मोजणी

मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं की दाणा रुजला असं धरा. रोज ठरल्या वेळी मोजा. सातव्या दिवशी प्रत्येक डिशमधली १० रोपं, डोळ्यांत भरतील ती नव्हे तर एका कडेने ओळीने येतील ती, काढून मुळाची आणि कोंबाची लांबी पट्टीवर घ्या. नंतर ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून कोरडं वजन करा. अंतिम उगवण चौदाव्या दिवसाची धरायची असेल तर काही डिश पुढे ठेवाव्या लागतील.

मापं घेण्याआधी रोप भिंगाखाली धरा. साध्या पाण्यातलं मूळ पांढरंशुभ्र असतं, टोकाच्या जरा मागे बारीक केसांची मखमल दिसते, आणि टोक निमुळतं, अर्धपारदर्शक असतं. अर्काने मार खाल्लेल्या मुळावर ही मखमल विरळ होते किंवा नाहीशी होते. टोक बोथट, जरा सुजलेलं, गूळ लागल्यासारखं तपकिरी. कधी मूळ हुकासारखं वळतं. मूळ कागदाला न चिकटता वर उचललं गेलं असेल तर तीही नोंद करा. लांबीच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून फोटो काढून ठेवा.

हिशेब असा. घट टक्क्यांत = (तुलनेची लांबी − अर्कातली लांबी) ÷ तुलनेची लांबी × १००. समजा साध्या पाण्यात मूळ ८ सेंटिमीटर, पोटॅशियम क्लोराइडमध्ये ६.४, ५ टक्के अर्कात ३.२ आणि चारकोल लावलेल्या अर्कात ५.६ आलं. पाण्याशी तुलना केली तर घट ६० टक्के दिसते. पण त्यातली २० टक्के नुसत्या क्षारांची आहे. क्षारांच्या द्रावणाशी तुलना केल्यावर रसायनाच्या वाट्याला उरते ५० टक्के, आणि चारकोलने मूळ ३.२ वरून ५.६ वर आलं म्हणजे त्याला दुजोराही मिळाला. चारकोल लावूनही मूळ ३.२ वरच राहिलं असतं तर संशय पुन्हा क्षारांवर, सामूवर किंवा प्राणवायूवर गेला असता. जोमाचा निर्देशांक हवा असेल तर उगवण टक्केवारीला मूळ आणि कोंब यांच्या एकत्रित लांबीने गुणा.

आकडेमोड करताना चार डिशच्या चार सरासऱ्या धरा, चाळीस रोपांचे चाळीस आकडे नव्हेत. एका डिशमधली रोपं एकाच कागदावर, एकाच पाण्यात वाढतात, ती स्वतंत्र नसतात. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत इथेच अडवलं जातं, आणि बरोबरच आहे.

०.५ टक्क्याला मूळ पाण्यातल्यापेक्षा लांब आलं तर ते चुकलं असं समजू नका. थोड्या प्रमाणात हीच द्रव्यं वाढीला चालना देतात, आणि अर्कातलं पोटॅशियम, नत्रही मदत करतं. आकडा जसा आला तसा लिहा.

मातीत काय होतं

डिशमध्ये माती नाही. मातीत ही रसायनं चिकणमातीच्या कणांना धरून राहतात, आणि जिवाणू त्यांचा फडशाही पाडतात. म्हणून डिशमधला निकाल कुंडीत तपासल्याशिवाय शेताला लावू नका. कुंडीत १ किलो खाचराची माती घ्या. एका प्रकारात नुसती माती, दुसऱ्यात ५ ग्रॅम कच्ची पूड, तिसऱ्यात ५ ग्रॅम चोथा. हा चोथा म्हणजे अर्क काढून उरलेली, तीनदा धुऊन वाळवलेली पूड. ५ ग्रॅम कमी वाटेल, पण वरच्या १० सेंटिमीटर मातीत किलोला ५ ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६५० ग्रॅम वाळलेलं, म्हणजे सव्वातीन किलो ओलं तण. तुलनेसाठी, भात लागवडीच्या चारसूत्री या सुधारित पद्धतीत लावणीच्या खाचरात गिरिपुष्पाचा ओला पाला गुंठ्याला ३० किलो सांगतात, चौरस मीटरला ३०० ग्रॅम.

प्रत्येक प्रकाराच्या आठ कुंड्या करा. निम्म्यांना दोन पानं आल्यावर युरिया द्या: लिटर पाण्यात २.२ ग्रॅम, त्यातलं १०० मि.ली. एका कुंडीला. रुजत्या दाण्याजवळ युरिया देऊ नका, अमोनियाने मूळ जळतं. एकविसाव्या दिवशी पाहा. युरिया दिल्यावर रोपं हिरवी होऊन सावरली तर नत्र अडकलं होतं. चोथ्याची रोपं ठीक, कच्च्या पुडीची युरिया देऊनही खुजी, तर पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याचा हात आहे. माती ओली ठेवा, पाणी तुंबू देऊ नका. तुंबलं तर अ‍ॅसेटिकसारखी आम्लं तयार होतात आणि गोंधळ वाढतो.

शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगाची चाचणी मात्र दिवसांची. पूड मिसळलेल्या मातीत त्याच दिवशी, १० दिवसांनी आणि २० दिवसांनी पेरा. मधल्या काळात माती ओलसर ठेवा. ओल, ऊब आणि हवा मिळाली की जिवाणू फिनॉलिक आम्लं लवकर मोडतात, आणि विसाव्या दिवशी पेरलेल्यात परिणाम बहुधा ओसरलेला दिसतो. कोरड्या मातीत वीस दिवस ठेवलं तर काहीच मोडत नाही.

रोपवाटिकेत

गादीवाफ्यावर तण किंवा पाला गाडायचा असेल तर पेरणीच्या निदान तीन आठवडे आधी गाडा आणि ओल टिकवा. पाऊस लांबला तर पाणी मारा. भाताच्या पेंढ्यालाही हेच लागू: त्याच्या कुजण्यातून सुटणाऱ्या फिनॉलिक आम्लांमुळे पुढचा भात मार खातो, हे तैवानमध्ये १९७० च्या दशकात दाखवून झालं आहे. गाजर गवत आणि रानमोडी वाफ्यावर कच्ची पसरू नका. फुलं येण्याआधी कापून, शेणकाला घालून ढीग करा, मध्ये दोनदा उलथा. ढीग आतून हाताला चटका देण्याइतका तापला पाहिजे. खत वापरण्याआधी वरचीच डिशची चाचणी लहान प्रमाणात करा: १० ग्रॅम खत, २०० मि.ली. पाणी, चार डिश अर्काच्या, चार साध्या पाण्याच्या, आणि भाताबरोबर मोहरी किंवा हळिवाचे दाणे. हे दाणे भातापेक्षा लवकर प्रतिसाद देतात, तीन दिवसांत उत्तर मिळतं.

उपटलेलं तण वाफ्याच्या कडेला रचून ठेवू नका, विशेषतः वरच्या अंगाला. पहिल्या सरीत त्यातून उतरलेलं तपकिरी पाणी वाफ्यात शिरतं, आणि तेव्हाच दाणा रुजत असतो. वाफा ८ ते १० सेंटिमीटर उंच, भोवती पाण्याचा चर. रुजवण सुरू असताना वाफ्यावर पाणी साचलं तर चराचं तोंड फोडून ते बाहेर काढा, दोन पानं आल्यावरच पाणी धरा.